माणसं मोजण्याआधी उजनीला ये

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा पोचला. दोनदा वाचला. पहिल्यांदा पेन हातात घेऊन, दुसऱ्यांदा पेन खाली ठेवून. पहिल्याच पानावर तू लिहिलंस, ‘मुळा-मुठा आणि भीमा मरताहेत, कारण माणसं फार झाली.’ आणि अगदी शेवटी, समासात, पेन्सिलीने लिहिलेली ओळ : ‘सर, मी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलंय. एवढ्या गर्दीत आणखी एक कशाला?’

ही दुसरी ओळ तू मला उद्देशून लिहिलीस की स्वतःशीच, ते कळलं नाही. पण वाचली आहे, तेव्हा तिच्यावर बोलणार. आधी पहिलीकडे येतो.

माणसं वाढली हे खरं आहे. ते नाकारणारे तुला भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस. १९५१ च्या जनगणनेत देशात ३६ कोटी माणसं होती, २०११ मध्ये १२१ कोटी. पाऊस काही तिप्पट पडायला लागला नाही. १९५१ साली देशात माणशी वर्षाला ५,१७७ घनमीटर पाणी वाट्याला येत होतं, २०११ साली १,५४५. हा आकडा १,७०० च्या खाली गेला की पाण्याची ओढ लागली असं जगभर धरतात. भाकऱ्या तेवढ्याच आणि पंगत तिपटीहून मोठी, हा हिशेब कुणालाच चुकवता येत नाही.

आता तोच हिशेब आपल्या नदीला लावून बघ. पुणे शहर १९५१ साली ४.८ लाखांचं होतं. २०११ साली ३१ लाखांचं झालं, आणि शेजारचं पिंपरी-चिंचवड १७ लाखांचं. पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं साधारण ८० टक्के वापरून पुन्हा बाहेर पडतं, म्हणजे माणशी १०८ लिटर. शहरात एक लाख माणसं वाढली की रोजचं सांडपाणी एक कोटी आठ लाख लिटरनी वाढलं. ते जातं उताराने. मुठेतून मुळा-मुठेत, रांजणगाव सांडसपाशी भीमेत, दौंडवरून आमच्या उजनी धरणात, आणि उजनीतून खाली सोडलं की पंढरपूरच्या चंद्रभागेत. वाटेत इंद्रायणीने आणलेलंही त्यात मिळतं. सोलापूर शहराचा नळ याच पाण्यावर आहे. आषाढीला वारकरी ज्या पाण्याचं तीर्थ डोळ्याला लावतो ते कुठून निघालं हे तुला आता पाठ झालं असेल, पण प्रबंधात ते एका ओळीत उरकू नकोस. नकाशा काढ. कुठल्या गावाच्या खाली काय बदलतं ते गावागणिक लिही.

पाण्यात मैला आला की त्याच्यावर जगणारे जिवाणू वाढतात, आणि ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. मासा पाण्यात राहून गुदमरतो. त्याच मैल्यातलं आणि साबणातलं नत्र-स्फुरद जलपर्णीला खत होतं. जलपर्णी पसरली की ऊन आत जात नाही, वारं पाण्याला लागत नाही, म्हणजे प्राणवायू परत यायची वाटही बंद. तू भिगवणच्या बाजारात लहानपणी मासळी बघितली आहेस. काठावरचा कुठलाही म्हातारा मच्छीमार सांगेल, पूर्वी जाळ्यात मरळ यायची, वांब यायचा. आता येते ती चिलापी, कारण तिला घाणीत आणि थोड्या प्राणवायूत जगता येतं. आणि गेल्या काही वर्षांत तो सकर मासा. अंगाला काटेरी कवच, जाळी फाडतो, बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. धरण भरलेलं दिसतं, रोहित पक्षी येतात म्हणून फोटो काढायला गाड्या येतात, आणि होडीतला माणूस रिकामा परततो.

इथवर तुझ्या बाजूने बोललो. आता तुझ्या ‘कारण’ या शब्दाकडे येतो. त्याच्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे.

नदी सुधारण्यासाठी २०१६ साली जपानच्या कर्जाचा करार झाला, तेव्हाच्या कागदांत दोन आकडे होते. पुणे शहरातून रोज निघणारं सांडपाणी ७४ कोटी लिटर. ते शुद्ध करायची क्षमता ४७.७ कोटी लिटर. म्हणजे सगळी केंद्रं पूर्ण ताकदीने चालली असं धरलं तरी २६ कोटी लिटर सरळ नदीत. हे २६ कोटी लिटर कुठल्या बाईने जास्त मुलं जन्माला घातली म्हणून आलेले नाहीत. इमारतींना परवानगी मिळाली, नळ जोडले, घरपट्टी सुरू झाली, आणि नळाचं दुसरं टोक कुठे जातं हे बघायचं राहून गेलं. शहराच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. आठवतं ना, २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागोमाग निघाले, हातपाय लुळे पडलेले, काही व्हेंटिलेटरवर. दोनशेच्या आसपास संशयित रुग्ण झाले आणि बोट दूषित पाण्याकडे गेलं. हद्दीत नव्याने आलेला, भराभर उंच झालेला भाग. खडकवासला धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. तिथे माणसं फार झाली असं म्हणता येईल. पण त्या प्रत्येक माणसाने फ्लॅटचे पैसे मोजले होते, आणि त्या पैशांत स्वच्छ पाणी धरलेलं होतं.

आता एक असं सांगतो जे मी वर्गात कधी सांगितलं नाही.

तीस वर्षं मी फळ्यावर ‘लोकसंख्येचा स्फोट’ असं लिहून त्याखाली आलेख काढत आलो. पृथ्वीवर माणसांचा भार, पाणी पुरत नाही, जमीन पुरत नाही. मुलं वहीत उतरवायची. तास संपला की मी घरी यायचो आणि माझ्या दोन एकर उसाला पाणी द्यायला जायचो. निवृत्तीनंतर एका रात्री सहज कागद घेतला आणि हिशेब मांडला. एक हेक्टर उसाला पाटपाण्याने साधारण दोन कोटी लिटर पाणी लागतं. माझे दोन एकर म्हणजे एक कोटी साठ लाख लिटर. माणशी १३५ लिटर धरले तर वर्षाला सव्वातीनशे माणसांचं घरगुती पाणी. मग उलटा हिशेब केला. सत्तर वर्षं जगणारा माणूस पिण्याला, न्हाण्याधुण्याला जन्मभरात ३४-३५ लाख लिटर वापरतो. माझं उसाचं एक पीक साडेचार माणसांचा जन्म पीत होतं. एका हंगामात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या राज्याबद्दल म्हटलंय, की पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाच्या पाण्यात मात्र निम्म्याहून कितीतरी अधिक. ऊस लावणाऱ्याला शिव्या देऊ नकोस. हमीने पैसा देणारं दुसरं पीक त्याच्यापुढे कुणी ठेवलेलं नाही, आणि कारखान्याची तोडणीची टोळी दारात येते तशी ज्वारीला टोळी येत नाही. मी आता ठिबक केलंय, पाणी बरंच वाचतं. तरी तीन माणसांचा जन्म जातोच. मला सांगायचंय ते एवढंच, की खडकवासल्याच्या साखळीतल्या चार धरणांचं २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पुण्याने किती घ्यावं आणि दौंड-इंदापूरला कालव्याचं आवर्तन किती मिळावं यावर दरवर्षी भांडण होतं, त्यात एक बाजू म्हणते ‘शहरात माणसं किती आहेत ते बघा’ आणि दुसरी म्हणते ‘पिकं जळताहेत ते बघा’. दोघंही दुसऱ्याचा वापर मोजतात. तू दोन्हीकडचा मोज.

आणि डोकी मोजताना चुलीही मोज. पूर्वी वाड्यात एका चुलीवर दहाजण जेवायचे. आता तिघांचं घर, त्यात फ्रिज वेगळा, गीझर वेगळा, मशीन वेगळं. माणसं तेवढीच राहिली तरी घरं वाढतात, आणि जमीन, वाळू, सिमेंट, वीज घराला लागते. पुण्यात २०१८ साली वाहनांची संख्या माणसांच्या पुढे गेली, ती काही जास्त मुलं झाली म्हणून नव्हे. हवेतल्या कार्बनचंही तसंच. सरासरी भारतीय माणसामागे वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेत त्याच्या सातपट. प्रबंधात या मुद्द्याला एक परिच्छेद पुरे, तुझा विषय नदी आहे.

आता दुसरी ओळ.

१९७६ साली, आणीबाणीत, मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. वरून आदेश आला, प्रत्येक शिक्षकाने नसबंदीच्या दोन ‘केसेस’ आणायच्या, नाहीतर पगार अडेल. त्या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या विधिमंडळाने तर तीन मुलं असलेल्यांना सक्तीची नसबंदी करायचा कायदा मंजूरही केला होता. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो अंमलात आला नाही. माझ्या दोन ‘केसेस’पैकी एक आमच्या शेतावर राबणारा माणूस होता. माझ्या वडिलांकडून त्याने उचल घेतलेली, त्यामुळे नाही म्हणण्याची त्याला सोयच नव्हती. मी त्याला सायकलवर डबल सीट नेला. वाटेत तो काही बोलला नाही. परत येताना म्हणाला, “मास्तर, मला एकच पोरगी हाय, तुमास्नी ठावं हुतं.” मला ठाऊक होतं. पुढे तो तीस वर्षं जगला आणि माझ्याशी कधी नीट बोलला नाही. मीही त्याची माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

म्हणून ‘माणसं फार झाली’ असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा विचारतो, कोणती माणसं? त्या वाक्याचा शेवट नेहमी कुणाच्या तरी अंगणात होतो, आणि ते अंगण बोलणाऱ्याचं नसतं. वस्तीतल्यांची पोरं दिसतात, गेटबंद सोसायटीत रोज येणारे टँकर दिसत नाहीत. कधी एखाद्या धर्माचं, जातीचं नाव घेतलं जातं. तुझ्या आराखड्यात तसं काही नाही, पण संदर्भासाठी तू जे लेख चाळले असशील त्यातल्या काहींत असणार. सावध राहा.

याच विषयाकडे वेगळ्या वाटेने गेलेलीही माणसं आपल्याकडे होती. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या प्रचारापायी त्यांची प्राध्यापकी गेली, तरी मरेपर्यंत त्यांनी काम सोडलं नाही. १९३८ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. या माणसांच्या मनात बाईचं शरीर होतं, तिची इच्छा होती, एकामागून एक बाळंतपणांनी पिचलेला तिचा जीव होता. नदीसाठी बाईला वेठीला धरा, असं त्यांनी म्हटलं नाही. आणि शेवटी त्यांचीच वाट कामी आली. पहिल्या कुटुंब आरोग्य पाहणीत, १९९२-९३ साली, महाराष्ट्रात बाईमागे सरासरी २.९ मुलं होती. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत १.७. पिढीच्या जागी पिढी उभी राहायला २.१ लागतात. म्हणजे आपण त्याच्या खाली उतरलोसुद्धा. हे मुलींच्या शाळेने केलं, उशिरा झालेल्या लग्नांनी केलं, जगलेल्या बाळांनी केलं. गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाईंनी आणि आशाताईंनी केलं. तुझ्या आईने दोन मुलींवर थांबायचं ठरवलं, तेव्हा घरात काय झालं होतं ते तिला विचार. तुझ्या प्रबंधातला तो सगळ्यात महत्त्वाचा पुरावा असेल.

जन्मदर इतका उतरूनही पुणं फुगतंच आहे. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. अशा वर्षांत बीड, लातूर, धाराशिवकडून किती बिऱ्हाडं उठून पुण्यात आली असतील? पाणी आटलं म्हणून माणूस शहरात येतो, आणि आल्यावर शहर म्हणतं, तुझ्यामुळे पाणी पुरत नाही. तूही शिकायला गेलीस, बेटा. कोथरूडच्या त्या खोलीत चौथी मुलगी म्हणून राहतेस. ज्या गर्दीबद्दल तू लिहितेस तिच्यात तू आहेस, तुझ्या खोलीतल्या तिघी आहेत, मेसवाल्या मावशी आहेत. त्यांची तोंडं डोळ्यांसमोर ठेवून पहिलं पान पुन्हा लिही.

मूल हवं की नको, हे तुझं आहे. माझं नाही, सरकारचं नाही, नदीचंही नाही. नको असेल तर नको, आणि त्यासाठी कुणाला कारण द्यायला बांधील नाहीस. पण ‘आणखी एक कशाला’ हे ज्या सुरात लिहिलंस तो मला सोसला नाही. ते लिहिणारी मुलगी आपणच इथे जास्तीची आहोत असं मनात धरून बसली असावी, असं वाटून गेलं. तसं असेल तर ते आधी काढून टाक. तू जास्तीची नाहीस. माझ्या वर्गात तू पहिल्या बाकावर बसायचीस आणि नकाशात नदी उलटी वाहती काढली म्हणून मला उठून दाखवलं होतंस. तशी माणसं या खोऱ्यात कमीच आहेत.

कामाचं आता. आराखड्यातला तुझा ‘लोकसंख्या घनता विरुद्ध प्रदूषण’ हा आलेख ठेव, पण त्याच्यावर विसंबू नकोस. खडकवासला, संगम पूल, मुंढवा, रांजणगाव सांडस, दौंड, भिगवण अशा ठिकाणी महिन्यातून एकदा पाण्याचा प्राणवायू मोज, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा, कारण शेवाळ असलं की दुपारचा आकडा फसवतो. पावसाळ्यातला आणि धरणातून पाणी सोडल्या दिवसाचा आकडा वेगळा लिही. पुण्यात एक वस्ती आणि एक मोठी सोसायटी घे, माणशी पाणी किती येतं ते मीटरवरून, टँकरच्या पावत्यांवरून काढ. वस्तीत प्रश्न विचारायला दुपारी जाऊ नकोस. पाणी येतं त्या वेळेला जा, मग विचारायची गरजच पडणार नाही. कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी बोल, त्याच्याइतकं पाण्याचं राजकारण कुणाला कळत नाही. आणि ‘कारण’ हा शब्द वापरताना दर वेळी स्वतःला विचार, की इथली माणसं निम्मी झाली असती आणि बाकी सगळं असंच राहिलं असतं, तर हे थांबलं असतं का? काही ठिकाणी उत्तर ‘हो’ येईल. तिथे बेधडक लिही.

मे महिन्यात ये. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तिथवर चालत जाता येतं. तुझ्या आजोबांचं गावही त्याच पाण्याखाली आहे. पुण्यात, सोलापुरात माणसं वाढली, तेव्हा त्यांच्या पाण्याला कुणी जागा दिली हे तिथल्या चिखलात उभं राहिल्यावर दिसेल. येताना प्राणवायू मोजायचं किट आण आणि जुन्या चपला घाल.

तुझे सर

ता. क. : तिसऱ्या पानावर उजनीची क्षमता ५३ टीएमसी लिहिली आहेस. तो उपयुक्त साठा झाला. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यात ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं पाणी. उन्हाळ्यात लोक ‘उजनी उणे गेली’ म्हणतात ते मृतसाठ्यातून उपसा सुरू झाल्यावर. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. त्या तळाच्या पाण्यात काय काय साचलेलं असतं आणि ते कोण पितं, याचं एक वेगळं प्रकरण होऊ शकेल. विचार कर.